घुबडाचा दगड

तिन्हीसांज उलटल्यावर पिंपळावरून घुबडाचा घूत्कार कानीं आला, कीं घरांतील वडील मंडळींच्या मुखांतून नकळत रामनाम निघतें. आम्हीही या संस्कारांतून सर्वस्वी सुटलों आहों, असें म्हणवत नाहीं. तेव्हां या भयाचें मूळ शोधणें अनाठायीं होणार नाहीं.

घुबडाची अपकीर्ति प्राचीन आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वांत, वडावर निजलेल्या कावळ्यांचा संहार करणारें घुबड पाहूनच अश्वत्थाम्यास झोपलेल्या शत्रूंच्या घाताची कल्पना सुचली. पंचतंत्राचें तिसरें तंत्र काकोलूकांच्या वैरावरच रचलें आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत शकुनांस स्वतंत्र अध्याय दिले. उलट बंगालांत हाच पक्षी लक्ष्मीचें वाहन म्हणून मान पावतो. आणि महाराष्ट्रांत, घुबडाच्याच कुळांतील पिंगळ्याची भाषा जाणतों असें सांगणारे पिंगळा जोशी पहांटे दारोदार भविष्य सांगत हिंडत. एकाच पक्ष्यास एकानें अशुभ म्हणावें व दुसऱ्यानें लक्ष्मीजवळ बसवावें, यांतच शकुनाचा पोकळपणा उघड होतो.

वास्तविक यांत गूढ असें कांहीं नाहीं. घुबडाच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असल्यामुळें उडतांना चाहूल लागत नाहीं. डोळे खोबणींत फिरत नसल्यामुळें तें सबंध मानच वळवून पाहतें. अंधारांत असा निःशब्द प्राणी एकाएकीं टक लावून पाहूं लागला, तर मनुष्य दचकणारच.

परंतु आपल्याकडील एक समजूत आम्हांस विशेष विचारार्ह वाटते. घुबडास दगड मारूं नये. तें तो दगड उचलून नेऊन झिजवितें, आणि दगडाबरोबर मारणाराही झिजत जातो, असें आजीबाई सांगत. समजूत खोटी खरी; पण तिनें किती पोरांचे हात आवरले असतील! याउलट, धनलोभी मांत्रिकांच्या नादानें दिवाळीच्या सुमारास घुबडांचे बळी आजही दिले जातात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असूनही हा चोरटा व्यापार थांबलेला नाहीं; आणि शेतांतील उंदीर खाऊन धान्य राखणारा पक्षी फुकट प्राणांस मुकतो.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, मुलांच्या मनांतून दगडाची गोष्ट काढून टाकतांना तिच्या जागीं या पक्ष्याची खरी ओळख ठेवावी. नाहींतर भीति जाईल, आणि तिनें आवरलेला हात मात्र मोकळा सुटेल.