अंधाराची पेटी

छायाचित्रणाच्या इतिहासांत भिंगाचा गौरव पुष्कळ झाला. भिंगामागील अंधाराचा मात्र फारसा झाला नाहीं. वास्तविक चित्र उमटतें तें कॅमेऱ्याच्या पाठीशीं असलेल्या काळोखांत, आणि त्या काळोखाची राखण करणारी फिल्मची पेटी सदोष असली तर उत्तमांतलें उत्तम भिंगहि व्यर्थ होय. जुन्या बाजारांतून अशी पेटी घेणाऱ्या हौशी मनुष्यास हें सत्य बहुधा उशिरां कळतें. लग्नाचे पाहुणे आपापल्या गांवीं परतलेले असतात, फिल्म धुऊन होते, आणि छापलेल्या चित्रांत वधूवरांच्या मुखांवरून उजेडाचा पांढरा पट्टा गेलेला दिसतो. तो प्रसंग पुन्हां कोठून आणावयाचा ?

पेटीचीं कामें तीन : फिल्म अंधारांत ठेवणें, ती हवी तेवढीच पुढें सरकविणें आणि भिंगासमोर सपाट धरणें. हीं तिन्ही साधण्याची खटपट फार जुनी आहे. १८५४ सालीं इंग्लंडांत मेल्हुइश व स्पेन्सर या दोघांनीं प्रकाशग्राही कागदाचे तुकडे एकमेकांस चिकटवून ते दोन रुळांवर गुंडाळण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. १८७५ सालीं लिओन वॉर्नर्के यानें आपल्या साधनाच्या पाठीस रंगीत खिडकी ठेवून तींतून आंकडे वाचण्याची सोय केली. पुढें १८८५ सालीं जॉर्ज ईस्टमन व विल्यम वॉकर यांचा रोल-होल्डर आला. तो नेहमींच्या कांचपट्टीच्या कॅमेऱ्यास मागून बसवितां येई. त्यामुळें जड कांचांचें ओझें वाहण्याची गरज उरली नाहीं. आजच्या पेटीचा खरा पूर्वज तोच. १८८८ च्या कोडक कॅमेऱ्यांत तर १०० चित्रांचें भेंडोळें आंत भरूनच मिळे, आणि तें संपलें कीं सबंध कॅमेराच कारखान्याकडे धाडावा लागे.

ही अडचण काळ्या कागदानें दूर केली. १८९२ सालीं सॅम्युएल टर्नर याच्या बुल्स-आय कॅमेऱ्यांत फिल्मच्या पाठीशीं काळा कागद, त्यावर आंकडे आणि ते पाहण्यास तांबडी खिडकी अशी योजना झाली. तेव्हांच्या फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे, म्हणून ती खिडकी निर्धोक होती. पुढें सर्व रंग ओळखणारी फिल्म निघाली, आणि कालचा पहारेकरी आज संशयास्पद ठरला. खिडकीवर झांकण घालणें भाग पडलें. १९०१ सालीं ब्राउनी कॅमेऱ्यासाठीं निघालेली १२० क्रमांकाची फिल्म याच काळ्या कागदाच्या पद्धतीची असून ती आजहि तयार होते.

१९४८ सालीं स्वीडनच्या व्हिक्टर हॅसेलब्लाड यांनीं न्यूयॉर्क येथें आपला कॅमेरा लोकांपुढें ठेवला. त्याची पेटी फिल्म अर्धी संपली असतांहि काढतां येई, कारण तिच्या तोंडावर धातूची पातळ पट्टी सरकवितां येई. १९६९ सालीं अपोलो ११ चे यात्री चंद्रपृष्ठावर वापरलेला हॅसेलब्लाड तेथेंच ठेवून परतले. भार कमी करणें आवश्यक होतें. पृथ्वीवर आली ती फिल्म असलेली पेटी. कॅमेरा दुसरा करतां येतो, अंधारांत जपलेली चित्रें करतां येत नाहींत, हाच त्याचा अर्थ.

म्हणून जुनी पेटी घेणाऱ्यानें एका फिल्मचा लोभ धरूं नये. आधीं बाहेरचें कवच आणि आंतील भाग यांवरील क्रमांक जुळतात कीं नाहीं तें पाहावें. एका पेटीचा भाग दुसरींत घातलेला असेल, तर तो नीट बसेलच असें नाहीं. मग फिल्म भरावी. पहिलीं कांहीं चित्रें भिंतीवर ताणून लावलेल्या वर्तमानपत्राचीं, भिंगाचें तोंड पूर्ण उघडें ठेवून घ्यावीं. नंतर भिंगावर झांकण घालून, पट्टी बाहेर काढून, पेटीच्या सर्व बाजू उन्हाकडे फिरवाव्या. शेवटीं पट्टी आंत घालून तोच प्रयोग दुसऱ्या घरावर करावा.

धुतलेली फिल्म सर्व सांगते. दोन चित्रांमधील अंतर कमीजास्त झालें किंवा चित्रें एकमेकांवर चढलीं, तर दांतेचक्रें झिजलीं आहेत. वर्तमानपत्राचीं अक्षरें मध्यभागीं स्पष्ट आणि एका कडेस पुसट दिसलीं, तर फिल्म सपाट बसत नसल्याचा संशय घ्यावा. मात्र भिंग व भिंत समांतर होतीं ना, हें आधीं तपासावें. झांकलेल्या घरांत पट्टीच्या फटीपासून निघालेली काळी रेघ आढळली, तर फटीच्या आंतील उजेड अडविणारें अस्तर जीर्ण झालें आहे. तें थोडक्या खर्चांत बदलतां येतें. तीच रेघ दुसऱ्या पेटींतहि आली, तर मात्र दोष कॅमेऱ्याच्या शरीरांत शोधावा.

अशी एक फिल्म खर्ची पडते खरी. परंतु ती वाया गेली असें म्हणतां येत नाहीं. लग्नाच्या दिवशीं वधूवरांच्या मुखावर पडूं शकणारा पट्टा तिनें आधींच आपल्यावर घेतलेला असतो.