७. ‘कापसाचे हेक्टरी पाच हजार’

२०२३च्या खरिपात भाव पडल्यामुळे कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य शासनाने दिलेले अर्थसाहाय्य. हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. वाटप सप्टेंबर २०२४च्या अखेरीस सुरू झाले. त्यासाठी लागणारे कागद म्हणजे कृषी सहायकाकडे द्यायचे आधार संमतीपत्र आणि सामायिक खातेदारांचे ना-हरकत पत्र. धरणगावसारख्या कापसाच्या तालुक्यात भावाभावांचा एकच सातबारा असणे नेहमीचे. एक भाऊ सुरतेला असला की सहीपायी पैसे अडत. ही अट जाचकच होती. बटाईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर खातेदार म्हणून नसल्याने त्याला यातले काही मिळत नसे. ‘पीएम-किसान’चे वर्षाचे ६,००० रुपये याहून वेगळे.