विंडोज इन्स्टॉलर : सानुकूल क्रियांचे दोषशोधन

संगणकावर एखादी आज्ञावली बसविली जात असताना मध्येच चालविण्यासाठी उत्पादकाने स्वतः लिहून घातलेल्या लहान आज्ञावलीस ‘सानुकूल क्रिया’ (कस्टम ॲक्शन) म्हणतात. अशी क्रिया फसल्यास तिच्यातील चूक हुडकणे बरेच अवघड जाते. ह्याची कारणे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज इन्स्टॉलर ह्या व्यवस्थेच्या रचनेतच आहेत.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात विंडोजवर आज्ञावली बसविण्याचे काम प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने करी. एका आज्ञावलीने सामाईक डीएलएल फाइलीच्या नव्या प्रतीवर जुनी प्रत लिहावी आणि त्यामुळे दुसरीच आज्ञावली बंद पडावी, असे प्रकार नित्याचे होते. काम अर्ध्यावर थांबल्यास संगणक पूर्ववत करण्याची खात्रीची सोय नव्हती. ह्यावर उपाय म्हणून विंडोज इन्स्टॉलर पुढे आला. तो ऑफिस २००० बरोबर (१९९९) आणि नंतर विंडोज २००० चा भाग म्हणून (२०००) प्रसृत झाला. त्याची एमएसआय फाइल म्हणजे परस्परसंबद्ध तक्त्यांचा संग्रह होय. कोणती फाइल कोठे ठेवावयाची, रजिस्ट्रीत कोणती नोंद करावयाची, हे तक्त्यांत सांगितलेले असते. ते घडवून आणणे हे इन्स्टॉलरचे काम. प्रत्येक पायरीबरोबर तो तिची उलट पायरीही नोंदवून ठेवतो. त्यामुळे मध्येच बिघाड झाल्यास केलेले सर्व काम मागे घेता येते.

हे आश्वासन तक्त्यांत मावणाऱ्या कामांपुरतेच खरे आहे. विदा-संग्रह उभारणे किंवा परवाना-क्रमांक तपासणे ह्यांसारख्या कामांसाठी उत्पादकाची स्वतःची डीएलएल, एक्सई अथवा व्हीबीस्क्रिप्ट मध्ये घालावी लागते. तिने काय केले हे इन्स्टॉलरला कळत नाही. म्हणून ते उलटविणारी माघार-क्रियाही लेखकानेच लिहावयाची असते. व्यवहारात ती पुष्कळदा लिहिलीच जात नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. इन्स्टॉलर आधी तक्ते वाचून कामाचा आराखडा रचतो आणि मग एका स्वतंत्र सेवेकडून तो अंमलात आणतो. संगणकात बदल घडविणारी क्रिया ह्या दुसऱ्या टप्प्यात, बहुधा ‘लोकल सिस्टिम’ ह्या खात्याच्या अधिकाराने चालते. त्या खात्याला वापरकर्त्याने जोडलेले नेटवर्कवरील ड्राइव्ह दिसत नाहीत व त्याच्या रजिस्ट्रीचा वैयक्तिक विभागही निराळा असतो. पहिल्या टप्प्यातील बहुतेक माहितीही क्रियेला थेट वाचता येत नाही. ‘कस्टमॲक्शनडेटा’ ह्या एकाच मार्गाने ती आधी पोहोचवावी लागते. परिणामी, लेखकाच्या मेजावर बिनचूक चालणारी क्रिया प्रत्यक्षात कोलमडते. मागोमाग माघार सुरू होऊन बसविलेल्या फाइलीही पुसल्या जातात. म्हणजे पुरावाच नाहीसा होतो. वापरकर्त्यापुढे उरतो तो १६०३ हा त्रुटिक्रमांक, आणि त्याचा अर्थ ‘बसविताना घातक चूक झाली’ एवढाच.

ह्यामुळे तपशीलवार नोंदवहीस (लॉग) मोठे महत्त्व आले. नोंदींचे प्रकार एकेका अक्षराने निवडावयाचे असतात. रजिस्ट्रीत ती अक्षरे ‘व्हॉइसवॉर्मअप’ अशी लिहिण्याचा प्रघात पडला, कारण अशाने ती लक्षात राहतात. हजारो ओळींच्या ह्या वहीत जाणकार आरंभापासून वाचत नाहीत. ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ ही अपयशदर्शक नोंद शोधून ते तिच्या वरच्या ओळींकडे जातात. तथापि कोणती क्रिया फसली एवढेच वही सांगते. ती का फसली हे कळण्यासाठी क्रियेने स्वतः नोंदी केलेल्या असाव्या लागतात. चालत्या क्रियेत डोकावण्यासाठी ‘एमएसआयब्रेक’ ह्या परिवेश-चलात डीएलएल-क्रियेचे नाव घालतात. मग इन्स्टॉलर ती सुरू होण्यापूर्वी थांबून प्रक्रियेचा क्रमांक दाखवितो व दोषशोधक साधन तिला जोडता येते. सेवेकडून चालणाऱ्या क्रियेसाठी मात्र हे चल संपूर्ण संगणकापुरते ठरवून तो पुन्हा सुरू करावा लागतो.

२००७ साली सर्वसाधारण विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टाने अनेक जुने दोष उघडे पाडले. तोवर प्रशासकाच्या खात्यातून आराखडा-टप्प्यातच संगणकात बदल करणाऱ्या क्रिया खपून जात; अधिकारांवर नियंत्रण येताच त्या अडल्या. ह्यापूर्वीच, २००४ मध्ये, रॉब मेन्शिंग ह्यांचे ‘विक्स’ हे साधन मायक्रोसॉफ्टने मुक्तस्रोत परवान्याखाली खुले केले होते. त्यात वारंवार लागणाऱ्या कामांसाठी माघारीसह तयार क्रिया मिळू लागल्या, ही त्याची सर्वांत उपयुक्त देणगी म्हणावी लागेल.

व्हीबीस्क्रिप्टमधील क्रियांना एमएसआयब्रेकचा उपयोग नाही, आणि त्यांच्या चुका बहुधा १७२० ह्या क्रमांकाआड दडतात. ही भाषाच टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केले. त्यामुळे जुनी एमएसआय पॅकेजे सांभाळणाऱ्यांना ‘ऑर्का’ ह्या साधनाने क्रियांचा तक्ता उघडून प्रकारदर्शक अंक तपासावे लागतात. व्हीबीस्क्रिप्टचे मूळ प्रकार ६, २२, ३८ व ५४ हे होत. पुढे ढकललेल्या क्रियेत त्यांत १,०२४ आणि ती सिस्टिमच्या अधिकाराने चालणार असल्यास आणखी २,०४८ मिळविलेले असतात. ३,०७८ हा अंक दिसल्यास ती सर्वाधिकार असलेली व्हीबीस्क्रिप्ट समजावी.