क्लोझापीन

स्किझोफ्रेनियाच्या (छिन्नमनस्कतेच्या) ज्या रुग्णांना इतर औषधांनी पुरेसा उतार पडत नाही, त्यांच्यासाठी वापरले जाणारे औषध. अटिपिकल अँटिसायकॉटिक या गटातले हे पहिले औषध; रिस्पेरिडोन, ओलॅन्झापीन, क्वेटियापीन ही सगळी त्याच्या मागून आली. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सुमारे सहा आठवडे नियमित घेऊनही आवाज ऐकू येणे, संशय, विस्कळीत विचार टिकून राहिले, तर क्लोझापीनचा विचार करावा असे बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. प्रत्यक्षात तोवर अनेकांची बरीच वर्षे औषधे बदलण्यात गेलेली असतात.

स्वित्झर्लंडमधील बर्न येथील वांडर कंपनीत १९५८च्या सुमारास हे रसायन तयार झाले. हातापायांचा कंप, ताठरपणा, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली हे जुन्या औषधांचे त्रास त्याने जवळजवळ होत नसत. त्या काळी असे त्रास झाल्याशिवाय औषध लागूच पडत नाही अशी डॉक्टरांची समजूत होती, त्यामुळे कंपनीतही त्याच्याबद्दल फार उत्साह नव्हता. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते बाजारात आले आणि काही महिन्यांतच रक्तातील संरक्षक पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन (अॅग्रॅन्युलोसायटोसिस) आठ रुग्ण दगावले. अनेक देशांत औषध मागे घेतले गेले किंवा त्याच्या वापरावर कडक बंधने आली.

त्याचे पुनरागमन झाले ते जॉन केन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासामुळे. आधीच्या औषधांनी हात टेकलेल्या २६८ रुग्णांना सहा आठवडे क्लोझापीन किंवा क्लोरप्रोमाझीन देण्यात आले. पहिल्या गटातील ३० टक्के रुग्ण सुधारले, दुसऱ्या गटातील केवळ ४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेने मान्यता दिली, पण नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमधील आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठीही २००२ मध्ये तेथे त्याला मान्यता मिळाली.

रक्ताची तपासणी : साध्या सीबीसीतून (रक्तपेशींच्या मोजणीतून) पांढऱ्या पेशींची, त्यातही न्यूट्रोफिल पेशींची संख्या पाहिली जाते. गंभीर घट साधारण शंभरात एकाहून कमी रुग्णांना होते आणि ती बहुधा पहिल्या १८ आठवड्यांत होते. म्हणून ब्रिटनमधील पद्धतीत १८ आठवडे दर आठवड्याला, वर्ष पुरे होईपर्यंत पंधरवड्याला आणि पुढे महिन्याला तपासणी होते. या पद्धतीत न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली गेले की औषध थांबवतात. अमेरिकेत अहवाल नोंदवल्याशिवाय गोळ्या न देण्याची सक्ती २०२५ मध्ये उठली, तपासणीची शिफारस मात्र कायम आहे. भारतात औषधाचे दुकान आणि रक्ताचा अहवाल यांना जोडणारी मध्यवर्ती यंत्रणा नाही. तारखा लक्षात ठेवणे, अहवाल जपून ठेवणे आणि डॉक्टरांना दाखवणे हे काम घरच्यांवर येते. मधल्या काळात ताप आला, घसा दुखू लागला, तोंडात फोड आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सीबीसी करावी लागते. तापावरची गोळी देऊन दोन दिवस थांबणे इथे महागात पडू शकते.

मात्रा : सुरुवात १२.५ मिलिग्रॅमने होते. रक्तदाब, नाडी आणि ताप यांवर लक्ष ठेवत दोन-तीन आठवड्यांत ती साधारण ३०० मिलिग्रॅमपर्यंत नेतात; कमाल मर्यादा दिवसाला ९०० मिलिग्रॅम. घाई केल्यास उठताना चक्कर येऊन पडणे, अतिगुंगी, फिट येणे असे धोके वाढतात. पहिल्या दोन महिन्यांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. छातीत दुखणे, धाप लागणे, नाडी सतत जलद चालणे ही तिची लक्षणे. सलग ४८ तासांहून अधिक काळ गोळ्या चुकल्या, तर जुनी मात्रा एकदम घेता येत नाही, पुन्हा १२.५ पासून चढवावी लागते. गावी लग्नाला गेलो आणि गोळ्या घरी राहिल्या, हे म्हणूनच डॉक्टरांना लगेच कळवण्याजोगे कारण ठरते.

दुर्लक्षित धोका : रक्ताच्या भीतीपुढे बद्धकोष्ठता क्षुल्लक वाटते आणि नेमके तिथेच चुकते. क्लोझापीन आतड्याची हालचाल मंदावते. क्वचित ती पूर्ण थांबून जीव जातो. रुग्ण आपणहून हे बोलत नाही, कधी संकोचाने, कधी आजारामुळे. ‘पोट साफ होते का?’ हे प्रत्येक भेटीत विचारले गेले पाहिजे. भरपूर पाणी, फिरणे यांबरोबर डॉक्टर बरेचदा सुरुवातीपासूनच रेचक देतात. फक्त इसबगोलावर विसंबू नये, कारण आतडे मंद असताना नुसता फुगणारा चोथा अडथळाही ठरू शकतो. पोट फुगणे, उलट्या, तीव्र कळा आल्या तर रुग्णालय गाठावे. रात्री लाळ गळून उशी भिजणे त्रासदायक असते. एका कुशीवर झोपणे आणि औषध यांनी ते आटोक्यात येते. वजन, रक्तातील साखर आणि चरबी यांवरही नजर ठेवावी लागते. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या समाजात हा भाग गौण नाही.

विडी, सिगारेट आणि चहा-कॉफी : तंबाखूच्या धुरातील रसायनांमुळे यकृत क्लोझापीन लवकर निकामी करते. रोज विडी ओढणारा रुग्ण अचानक ओढणे थांबवतो, उदाहरणार्थ रुग्णालयात दाखल झाल्यावर, तेव्हा तीच मात्रा काही दिवसांत जास्त ठरते आणि गुंगी, फिट यांचा धोका वाढतो. परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे मिश्री, गुटखा, तंबाखू मळून खाणे यांचा असा परिणाम होत नाही (त्यांचे इतर धोके अर्थातच राहतात). विडी सोडणे चांगलेच. फक्त डॉक्टरांना आधी सांगून सोडावी, म्हणजे मात्रा बेतता येते. कॉफीचे प्रमाण अचानक वाढले तर औषधाची रक्तपातळी वाढू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुसंसर्गावरचे आणि फ्लुवोक्सामीन हे नैराश्यावरचे औषधही ती पातळी वाढवते. कार्बामाझेपीन ती कमी करते आणि रक्ताचा धोका वाढवते, म्हणून टाळतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर आपण क्लोझापीन घेतो हे आधी सांगावे.

औषध थांबवणे : बरे वाटते म्हणून एकाएकी बंद केल्यास आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो, मळमळ, घाम, झोप उडणेही होते. म्हणून थांबवायचे असल्यास मात्रा काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात. पांढऱ्या पेशी कोसळल्या किंवा हृदयाला सूज आली तर मात्र त्याच क्षणी बंद करून रुग्णाला दाखल करतात, आणि पुन्हा सुरू करण्याचा निर्णय सहसा घेतला जात नाही.