एकट्याची चूल

पिठाच्या शेवया वा बारीक तुकडे शिजवून केलेला 'पास्ता' हें इटलीचें अन्न आहे. ही विद्या मार्को पोलोनें चीनहून आणली, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. परंतु ती इतिहासास टिकत नाहीं. पोलो व्हेनिसला परतला तो इ. स. १२९५ मध्यें. अल् इद्रिसी या अरब भूगोलकारानें ११५४ मध्येंच सिसिलींतील त्राबियाहून शेवया परदेशीं जात असल्याचें नमूद केलें आहे. आणि जिनोव्हा येथील १२७९ च्या एका दप्तरांत एका शिपायाच्या चीजवस्तूंत 'मॅकरोनी'ची पेटी नोंदलेली आहे.

प्रत्येक पदार्थास एक प्रवासी हवाच, हा आग्रह कशासाठीं? आपल्या मराठवाड्यांतील वरणफळेंच पाहा. कणकेंत हळद, तिखट, मीठ घालून ती मळावी, लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे पाडावे व तुरीच्या फोडणी दिलेल्या उकळत्या वरणांत सोडावे. मूठभर डाळ व मूठभर कणीक एका जिवास पुरते.

बीड जिल्ह्यांत वडवणीच्या बाजूचीं पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. मागें राहिलेल्या वृद्धेला मग एकटीपुरती चूल पेटवावी लागते. एकटें माणूस कोरडें कांहीं खाऊन पाणी पितें व निजतें. एका भांड्यांत शिजणारें हें ऊन अन्न तिला त्या उपेक्षेपासून वांचवितें.

राजांच्या मुदपाकखान्यांचीं वर्णनें ग्रंथांत सांपडतात. या वाटीची नोंद दप्तरांत क्वचितच होते. अन्नाचा इतिहास लिहिणारानें तिच्या चुलीपाशींही क्षणभर बसावें.