कोपरा विकत मिळतो, साखळी मिळते का? पुणेरी पलटणची बचावफळी आणि माझा परत आलेला सिनॉप्सिस

पेट झाली, कोर्सवर्क संपलं, आणि माझा पहिला सिनॉप्सिस समितीकडून परत आला. शेरा एका ओळीचा होता. मी घटनांचा क्रम दाखवला आहे, कारण दाखवलेलं नाही, एवढंच. आठ महिन्यांचं काम होतं. त्या दिवशी राग आला होता. आज तो शेरा मला माझ्या संशोधनातलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य वाटतं. तो का बरोबर होता, ते आज सांगते. तुमच्यापैकी कुणी पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असेल, तर तुमचे काही महिने वाचतील.

मी मूळची संख्याशास्त्राची. एमएस्सीनंतर खेळातल्या आकडेवारीकडे वळले, कारण घरात कबड्डी होती. वडील निफाडकडच्या मातीच्या मैदानांवर खेळायचे, चुलत भाऊ अजून खेळतो. माझा पहिला प्रश्न असा होता: लिलावात पैसे ओतून संघाची बचावफळी नव्याने उभी करता येते का? उत्तरही मी आधीच ठरवून टाकलं होतं. हो, येते. पुरावा म्हणून माझ्याकडे पुणेरी पलटण होती.

आधी इतिहास बघू.

प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग ठरला राकेश कुमार, पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. त्या काळात सगळ्यात जास्त दबदबा होता यू मुम्बाच्या बचावाचा. कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, मध्ये जीवा कुमार आणि विशाल माने. २०१४मध्ये हा संघ अंतिम सामना हरला, २०१५मध्ये बंगळूरू बुल्सला ३६-३० असं हरवून जिंकला, आणि २०१६च्या सुरुवातीला झालेल्या तिसऱ्या हंगामात पाटण्याकडून अवघ्या तीन गुणांनी हरला. तीन हंगाम, तिन्ही वेळा अंतिम फेरी.

मग २०१६चा लिलाव आला आणि ही फळी फुटली. मोहित छिल्लर ५३ लाखांना बंगळूरूकडे गेला. त्या लिलावातली ती सर्वोच्च बोली होती. नाडाही बंगळूरूलाच गेला. म्हणजे एका संघाचे दोन्ही कोपरे उचलून दुसऱ्या संघात बसवले. पुढे काय झालं? यू मुम्बा पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचली नाही. इथपर्यंत माझा सिद्धांत खूश होता. पण बंगळूरूही उपांत्य फेरीत नव्हती! ज्याने फळी गमावली तोही बाहेर, ज्याने विकत घेतली तोही बाहेर. हे दुसरं वाक्य माझ्या सिनॉप्सिसमध्ये नव्हतं. लपवलं नव्हतं हो, मी ते शोधलंच नव्हतं. 'कुणी गमावलं' एवढंच बघितलं, 'कुणी मिळवलं' ते बघितलं नाही. पहिली चूक ही.

आता पुण्याकडे येऊ. ऑगस्ट २०२२च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणचा फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना घेतला. फझल हा डाव्या कोपऱ्यावरचा जुना जाणकार. २०१५च्या विजेत्या यू मुम्बातही तो होता, आणि २०१८मध्ये त्याच यू मुम्बाने त्याला १ कोटीला परत घेतलं होतं. तो आला आणि पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेली. १७ डिसेंबर २०२२ला मुंबईत जयपूरने त्यांना ३३-२९ असं हरवलं. त्या सामन्यात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन्ही मुख्य चढाईपटू दुखापतीमुळे नव्हते. आपल्या नाशिकच्या आकाश शिंदेसारख्या पोरांवर चढाईचा भार आला होता.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३च्या लिलावात, पलटणने फझल ठेवला नाही. त्याच्या जागी इराणचाच महंमदरझा शाडलुई घेतला, २ कोटी ३५ लाखांना. मग निकाल बघा: साखळी फेरीत २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी, फक्त २ पराभव. १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद. शाडलुई ९९ पकड-गुणांसह हंगामातला सर्वोत्तम बचावपटू.

इथे संशोधनातली एक साधी सवय सांगते. रुपयांची तुलना रुपयांशी करू नका, वाट्याशी करा. नवव्या हंगामात प्रत्येक संघाची खर्चाची मर्यादा ४ कोटी ४० लाख होती, दहाव्यात ती ५ कोटी झाली. म्हणजे फझलवर पलटणने मर्यादेच्या जवळपास ३१ टक्के खर्च केले, शाडलुईवर ४७ टक्के. एका डाव्या कोपऱ्यासाठी जवळपास अर्धी तिजोरी! माझा सिनॉप्सिस याच वाक्यावर उभा होता: वाटा वाढवला, विजेतेपद आलं.

समितीतल्या एका मॅडमनी मला फक्त एक प्रश्न विचारला. "त्याच लिलावात शाडलुईपेक्षा महाग कोण गेलं, आणि त्या संघाचं काय झालं?"

उत्तर मला माहीत होतं, पण मी ते कधी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. पवन सेहरावत, २ कोटी ६० लाख ५० हजार, तेलुगू टायटन्स. मर्यादेच्या ५२ टक्के. टायटन्स त्या हंगामात २२ पैकी २ सामने जिंकून तळाला राहिले. एकाच लिलावातल्या दोन सर्वात मोठ्या बोल्या. एक संघ पहिला, एक शेवटचा. मी पहिला उचलला होता, दुसरा सोडला होता.

तुम्ही म्हणाल, पवन चढाईपटू आहे, शाडलुई बचावपटू, तुलना चुकीची आहे. मीही तेच म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "बरं, मग शाडलुईचीच तुलना शाडलुईशी कर." मी घरी येऊन ती केली. आठव्या हंगामात तो पाटण्याकडे होता, ८९ पकड-गुणांसह सर्वोत्तम बचावपटू, संघ अंतिम सामना एका गुणाने हरला. नवव्यात तोच खेळाडू, तोच संघ, बाद फेरीही नाही. दहाव्यात पुणे, विजेतेपद. अकराव्यात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि २९ डिसेंबर २०२४ला हरियाणा विजेता झाला, तोही पुण्यात बालेवाडीत. बाराव्यात गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख मोजले, आणि गुजरात पहिल्या आठातही आला नाही. त्याच हंगामात शाडलुई नसलेली पलटण अंतिम फेरीत गेली आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. दिल्लीच्या बचावात कोण होता? फझल अत्राचली!

खेळाडू तोच, दर्जा जवळपास तोच, निकाल मात्र वर-खाली. मग फरक कुठे आहे?

इथे माझा चुलत भाऊ कामाला आला. तो कव्हर खेळतो, म्हणजे मध्यरक्षक. जिल्हा संघापर्यंत पोहोचला, पुढे नाही. हे सगळे आकडे त्याला दाखवले तर म्हणाला, "ताई, पकड कोपरा करतो असं दिसतं. पण चढाईवाल्याला कोपऱ्याकडे ढकलतो कोण? आणि घोटा धरल्यावर अंगावर पडतो कोण? गुण एकाच्या नावावर जातो, पकड चौघांची असते."

हे वाक्य मी आठ महिन्यांत वाचलेल्या कुठल्याही पेपरपेक्षा मोठं निघालं. नीट बघा. प्रो कबड्डीच्या गुणपत्रकात यशस्वी पकडीचा गुण एका खेळाडूच्या खात्यात जमा होतो. मदतीला आलेल्या मध्यरक्षकाची नोंद त्या खात्यात नसते. म्हणजे मी 'बचावाची ताकद' म्हणून जे मोजत होते, ते प्रत्यक्षात 'पकड कुणाच्या नावावर लागली' हे होतं. मोजपट्टीच वाकडी असेल तर गणित कितीही सरळ करा, उत्तर वाकडंच येणार. लिलावातही बोली त्याच आकड्यावर लागते, त्यामुळे कोपरे महाग होतात. भावासारखे शेकडो कव्हर मात्र आकड्यात दिसतच नाहीत. माझ्या चुकीमुळे माझा सिनॉप्सिस गेला, पण हीच चूक निवड करणारे करत असतील तर कुणाचं तरी करिअर जातं.

मग मी पलटणचा दहावा हंगाम परत उघडला. या वेळी शाडलुई सोडून बाकीचे तिघे बघितले. उजव्या कोपऱ्यावर गौरव खत्री, मध्ये संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन. हे तिघेही आधीच्या हंगामात, फझलसोबत, याच संघात होते. प्रशिक्षक बी. सी. रमेशही तेच. म्हणजे मी जिला 'नवी फळी' म्हणत होते ती नवी नव्हतीच. साखळीतली एक कडी बदलली होती, बाकी साखळी एक वर्ष एकत्र खेळून घट्ट झालेली होती. पैसे ठळक दिसले म्हणून मी पैशाला कारण म्हटलं. टिकून राहिलेली माणसं बातमीत येत नाहीत, म्हणून ती मला दिसली नाहीत.

असंच उदाहरण दुसऱ्या खेळात सापडलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड खेळाडू उभे असतात, ती आक्रमणाची फळी. ते सहसा चेंडू हातात घेत नाहीत, गुण त्यांच्या नावावर नसतात, पण ती फळी कोसळली तर सगळंच कोसळतं. तिथे १९९३पासून करार संपलेला खेळाडू मोकळेपणाने दुसऱ्या संघाकडे जाऊ शकतो, त्याला फ्री एजन्सी म्हणतात. कॅन्सस सिटी चीफ्स फेब्रुवारी २०२१चा सुपर बोल ९-३१ असा हरले, कारण त्यांच्या क्वार्टरबॅकला उभं राहायला वेळच मिळत नव्हता. त्यांनी पुढच्या हंगामाआधी फळी नव्याने उभारली. सगळे सांगतात ती बातमी म्हणजे जो थूनी या खेळाडूशी केलेला पाच वर्षांचा ८ कोटी डॉलरचा करार. पण त्याच वेळी ऑर्लँडो ब्राउन हा अदलाबदलीतून आला, आणि क्रीड हम्फ्री व ट्रे स्मिथ हे दोघे कॉलेजातून निवडलेले नवखे होते. फेब्रुवारी २०२३मध्ये ते सुपर बोल ३८-३५ने जिंकले तेव्हा हे चौघे दोन हंगाम एकत्र खेळलेले होते. बाजारातून विकत घेतलेला त्यात एकच.

आता तुम्ही विचाराल, म्हणजे 'एकत्र राहणं' हेच कारण का? थांबा! हीच माझी जुनी खोड. एक आवडती गोष्ट सोडून दुसरी आवडती गोष्ट धरायची. उलटं उदाहरणही आहे. २०२२मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात तो जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. संघाची घडी तिथेच मोडायला हवी होती. पण नवखा नरेंदर कंडोला उभा राहिला आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. शिवाय जिंकणारा संघ खेळाडू टिकवून ठेवतो, हेही खरं. मग टिकल्यामुळे जिंकले की जिंकल्यामुळे टिकले? बाण कुठल्या दिशेने आहे, ते नुसत्या क्रमावरून कळत नाही. समितीचा शेरा नेमका हाच होता.

म्हणून माझा नवा प्रश्न लहान आहे. संघ जिंकतो का, हे मी विचारत नाही. दोन बचावपटू शेजारी शेजारी जितके जास्त सामने खेळलेले असतात, तितकी त्यांच्या बाजूला केलेल्या पकडींपैकी यशस्वी पकडींची टक्केवारी बदलते का? एवढंच. एकक खेळाडू नाही, जोडी आहे. नुसते गुण नाहीत, प्रयत्नांच्या तुलनेत यश आहे. आणि मदत करणाऱ्याची नोंद गुणपत्रकात नसल्यामुळे सामन्यांची चित्रफीत बघून ती स्वतः करायची. एका सामन्याला मला साधारण एक अख्खी संध्याकाळ लागते. नोंदी दोघांनी वेगवेगळ्या करायच्या आणि जुळतात का बघायचं, असं ठरवलंय. दुसरा नोंद करणारा माझा भाऊच आहे. तो संघाचं नाव बघून पक्षपात करेल अशी भीती होती, पण पक्षपात मीच जास्त करते असं पहिल्या दहा सामन्यांत निघालं.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तीन गोष्टी आधी कागदावर लिहा. तुमचा सिद्धांत खोटा ठरवणारं उदाहरण कुठलं असेल, आणि ते तुम्ही शोधलंत का? तुम्ही जे मोजताय ते नक्की कुणाच्या नावावर लागतंय, आणि कुणाचं नाव गळतंय? आणि जे बदललं ते बघताना, जे बदललं नाही त्याची यादी केलीत का?

दुसरा सिनॉप्सिस मंजूर झाला. भावाला फोन केला तर पहिला प्रश्न त्याने हा विचारला: "कव्हरचा कॉलम आहे ना त्यात?"

आहे.