पुस्तकाला कुलूप

दिलेले पुस्तक परत येत नाही, हा मराठी माणसाचा वडिलोपार्जित अनुभव आहे. पोथ्या हाताने लिहीत तेव्हा लेखनिक बिचारे शेवटच्या पानावर पोथीच्याच तोंडून विनवीत, की मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा आणि मूर्खाच्या हाती मुळीच देऊ नका. विलायतेत विनवण्यांवर भिस्त नव्हती. त्यांनी पुस्तकांना सरळ साखळदंड घातले. हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये ते जखडलेले ग्रंथ आजही आहेत. पण वाचकहो, ती साखळी देवळातल्या पुस्तकाला होती; पैसे मोजून घरी आणलेल्या पुस्तकाला नव्हे.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्याचे आजचे चौदावे कलम पुस्तकाच्या प्रती लोकांत आणण्याचा हक्क हक्कदाराला देते, पण आधीच लोकांत फिरत असलेल्या प्रती सोडून. म्हणजे एकदा विकले ते विकले. या एवढ्याशा सवलतीवर कुर्ल्याचे रद्दीवाले उभे आहेत. त्यांच्याकडून घेतलेली एक कादंबरी माझ्यापाशी आहे. पहिल्या पानावर कोण्या मामांनी १९७१ साली भाचीला लग्नात दिल्याचा मजकूर, खाली नेहरूनगरातल्या एका गृहस्थांची सही आणि कोपऱ्यात पेन्सिलीने ‘१० रु.’ लेखकाला पैसे एकदाच मिळाले, वाचक मात्र तीन मिळाले.

२०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तके आली. हार्बरच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने कादंबरी वाचता येऊ लागली. अक्षर हवे तेवढे मोठे होते, त्यामुळे चाळिशी आलेल्याला चाळिशी लावावी लागत नाही. मी खूश होतो. मग शेजारच्या काकू आल्या.

"वाचून झालं असेल तर द्या की हो ते पुस्तक."

"काकू, ते यंत्रात आहे."

"मग यंत्रासकट द्या."

"आणि मी काय वाचू?"

"असं कसं? विकत घेतलंय ना तुम्ही?"

या प्रश्नाचे उत्तर बी.कॉम.ला शिकवीत नाहीत. ते अटींच्या बारीक अक्षरांत असते: पुस्तक विकलेले नाही, वाचण्याचा परवाना दिला आहे.

परवाना म्हणजे काय, हे अमेरिकेत जुलै २००९ मध्ये कळले. ज्याने पुस्तके दुकानात ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून अमेझॉनने लोकांच्या किंडलमधून ती परस्पर पुसली. पुस्तके कोणती, तर जॉर्ज ऑर्वेलची, आणि त्यांत ‘१९८४’, ज्यात सरकार जुने कागद नाहीसे करते! पुढे कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान मिटले, तेव्हा गिऱ्हाइकांची पुस्तकेही मिटली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, हे खरे. पण आपल्या कपाटातले पुस्तक उचलून कोणी टेबलावर पैसे ठेवून गेला, तर त्याला खरेदीदार म्हणावे काय?

आमच्या बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो: एक बँकेची, एक गिऱ्हाइकाची. ई-पुस्तकाच्या दोन्ही किल्ल्या दुकानदाराकडे.

कुलूप का घालतात, हेही समजते. मराठी पुस्तकाची पीडीएफ फुकट फिरली की लेखकाच्या पोटावर पाय येतो. म्हणून २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड ठरवला. त्याच कलमात वाचकासाठी एक फटही ठेवली: कायद्याने मना नाही असे काम करायला आडकाठी नाही. फक्त किल्ली देण्याची सक्ती कोणावर केली नाही. म्हणजे जेवायला बसा म्हणायचे आणि ताट द्यायचे नाही.

शिवाय कायद्याला मुदत असते, कुलपाला नसते. साने गुरुजी १९५० साली गेले. साठ वर्षांची मुदत संपून २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांचे झाले. कुलपाला हे हिशेब कोण सांगणार?

माझे मागणे थोडे आहे. घेतलेले पुस्तक कोणी परस्पर नेऊ नये. दुकान बंद पडले तरी ते उघडावे. एका वेळी एकाला, का होईना, उसने देता यावे. आणि माझ्या मागे ते मुलीला मिळावे. बचत खात्याला नॉमिनेशन असते, मग पुस्तकाला का नको? फॉर्म मी स्वतः भरतो. तिन्ही प्रतींत, सहीशिक्क्यानिशी.